मोटारीचा ब्रेक का किंचाळतो?

मोटारीतून निघणाऱ्या नाना आवाजांत ब्रेकच्या किंकाळीइतका अप्रिय आवाज दुसरा नसेल. चौकातला दिवा तांबडा होतो, मोटार थांबू लागते, आणि चाकातून असा काही सूर निघतो की रस्त्याच्या कडेची माणसे दचकून वळून पाहतात. मोटारीचा धनी ओशाळतो. अशा वेळी माणसे बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतात. कोणी काचा वर करून रेडिओचा आवाज वाढवितो; कोणी धास्तावून गॅरेजात धाव घेतो आणि तेथे सांगतील ते सर्व भाग नवे बसवून येतो. पहिल्याच्या जिवाला आज ना उद्या धोका संभवतो. दुसऱ्याचे पैसे पुष्कळदा विनाकारण जातात. ब्रेकचा आवाज निरुपद्रवी कोणता, दुरुस्तीजोगा कोणता आणि गाडी जागच्या जागी उभी करावी असा कोणता, हे ओळखता आले तर दोघांचाही प्रश्न सुटतो. ही ओळख करून देणे आणि घरच्या घरी सुट्टीच्या दिवशी काय करता येते ते सांगणे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम ब्रेकचे काम काय ते पाहू. मोटार थांबविणे म्हणजे तिच्या गतीत साठलेली ऊर्जा उष्णतेत बदलणे. माणसांसह १००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असता तिच्यात सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी जवळजवळ उकळीला येईल. म्हणजे ताशी ६० च्या वेगातून एकदा गाडी थांबविली की चार पेले चहाचे पाणी तापविण्याइतकी उष्णता चाकांजवळच्या लोखंडात शिरते. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. घाटात तर विचारूच नका. हीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आली तर ४९ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते; म्हणजे ताशी ६० वरून सुमारे ३५ वेळा थांबण्याइतकी! बोरघाट किंवा आंबोलीचा घाट उतरताना जळका वास का येतो, ह्याचे उत्तर ह्या साध्या हिशेबात आहे.

आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. पायाने पेडल दाबले की नळीतील ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि कॅलिपर नावाचा चिमटा हे दोन्ही पॅड तबकडीवर आवळतो. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा भाग डब्यासारखा असतो आणि अर्धचंद्राकृती शू त्याला आतून टेकतात. मोटार थांबविण्याचा अधिक भार पुढच्या चाकांवर पडतो. म्हणून पुढचे ब्रेक लवकर झिजतात आणि बोलतातही तेच अधिक.

हे बोलणे आजचे नव्हे. फ्रेडरिक लँचेस्टर ह्या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्याने घासण्यासाठी तांब्याचे तुकडे योजिले होते. धातूवर धातू घासल्याने जो कर्कश आवाज उठे तो असह्य होता. घासणारे द्रव्य कसे असावे हा प्रश्न त्याच सुमारास हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ सोडवीत होता. डर्बीशायरच्या चढउतारांवर गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकतात हे त्याने पाहिले, आणि १८९७ पासून लायनर बनविण्याचा उद्योग आरंभिला. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसचे लायनर आले. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार मोटार पहिली आली आणि ह्या ब्रेकचा बोलबाला झाला. शंभर-सव्वाशे वर्षांत द्रव्ये बदलली, आकार बदलले. किंकाळी मात्र समूळ गेली नाही. तिचे कारणही तसेच आहे.

आवाज कोठून येतो?

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना तिच्या कण्याची कुरकुर आठवत असेल. गाडीवान वंगण घाली आणि कुरकुर थांबे. ब्रेकच्या बाबतीत नेमका हाच उपाय चालत नाही. कण्यात घर्षण नको असते. ब्रेकमध्ये घर्षण हेच तर हवे असते. तबकडीवर तेलाचे चार थेंब टाकले तर आवाज तत्काळ थांबेल, हे खरे. पण त्याबरोबर गाडी थांबण्याचेही थांबेल! तेव्हा घर्षण कायम ठेवून आवाज तेवढा घालवावयाचा, असा हा पेच आहे.

तो सोडविण्यासाठी शाळेतला खडू आठवावा. फळ्यावर लिहिताना खडू एकाएकी किंचाळतो. खडू तोच, फळा तोच, हातही तोच. खडूचा कोन थोडा बदलला, किंवा मोडून तो अर्धा केला की किंचाळणे थांबते, आणि अक्षर मात्र पूर्वीइतकेच ठळक उमटते. होते असे की खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, वाकतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा घडले की त्याचा सूर होतो. सारंगीवर गज ओढला असता तारेचे हेच होते. फरक इतकाच की तेथे ते कलावंताच्या ताब्यात असते.

ब्रेकचा पॅड आणि तबकडी ह्यांच्यात असाच खेळ चालतो, आणि त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. आर. टी. स्पर ह्या संशोधकाने १९६१ मध्ये असे दाखविले की, घर्षण सतत एकसारखे असले तरी पॅड तबकडीला विशिष्ट तिरकसपणे टेकला म्हणजे घर्षणच त्याला अधिक रुतवू लागते. पॅड रुततो, वाकतो, सुटतो आणि पुन्हा रुततो. पुढे निरनिराळ्या भागांची कंपने एकमेकांना पोसतात आणि वाढत जातात, हेही अभ्यासकांच्या ध्यानात आले. तबकडी ही तर ओतीव लोखंडाची थाळीच. थाळीवर टिचकी मारावी तशी ती सेकंदाला हजाराहून अधिक वेळा कंप पावू लागते. ह्या किंकाळीची कंपने दर सेकंदाला १००० पासून १०,००० च्याही वर जातात. आणि आपला कान २००० ते ५००० च्या दरम्यान सर्वांत तिखट असतो. म्हणून हा आवाज लहान असला तरी जिव्हारी लागतो.

ह्यावरून उपायांची दिशा आपोआप ठरते. घासणारा पृष्ठभाग एकसारखा असावा. पॅड आपल्या जागी नीट बसलेला, पण मोकळेपणाने सरकणारा असावा. आणि वाजत्या थाळीवर हात ठेवला की ती मुकी होते, त्याप्रमाणे पॅडच्या पाठीमागे कंप शोषणारे काहीतरी असावे. पुढे सांगितलेली प्रत्येक कृती ह्या तीन सूत्रांपैकी एकात बसते.

आवाजावरून निदान

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो. आपणही पाना हातात घेण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात.

सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या चार-सहा ब्रेकना आवाज येतो आणि मग थांबतो काय? तसे असेल तर रात्रीच्या दमटपणाने तबकडीवर गंजाची पातळ साय धरली आहे. कोकणात आणि पावसाळ्यात हे नित्याचे आहे. पॅड ती साय खरवडून काढतो. आपण काही करावयाचे नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींत वेग कमी करण्याचे पुष्कळसे काम मोटरच करते. ब्रेक कमी वापरले गेल्यामुळे तेथे गंज अधिक वेळ टिकतो, इतकेच.

ब्रेक दाबला नसतानाही बारीक ‘चीं’ असा सूर येतो, आणि दाबल्यावर तो बदलतो किंवा थांबतो काय? पुष्कळ मोटारींत पॅडला पोलादाची एक लहान पट्टी मुद्दाम बसविलेली असते. पॅडचे द्रव्य झिजून सुमारे २-३ मिलिमीटर उरले की ती तबकडीला टेकून ओरडू लागते. हा बिघाड नव्हे, सूचना आहे. पॅड लौकर बदलावे.

आवाज किंकाळीचा नसून घरघरीचा, लोखंडावर लोखंड खरडल्यासारखा आहे काय? मग पॅडचे द्रव्य संपलेले असण्याचा मोठा संभव आहे. येथे प्रयोग नकोत. गाडी चालवू नये. मेकॅनिकला जागेवर बोलवावे किंवा गाडी ओढून न्यावी.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, ठेक्यात आवाज येतो काय? तबकडीमागच्या पत्र्यात खडा अडकला असेल, किंवा पत्रा वाकून टेकत असेल. पेडलही पायाखाली थरथरत असेल तर तबकडीची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही.

गाडी ब्रेक लावताना एका बाजूस ओढते, आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर एकच चाक दुसऱ्यापेक्षा फार तापते काय? मग कॅलिपरच्या पिना किंवा पिस्टन अडकला आहे. ब्रेक सोडला तरी तो सुटत नाही. उष्णता पाहताना तबकडीला हात लावू नये. चाकाजवळ हात नेला तरी धग कळते.

ह्यांपैकी काहीच नसून, हलका ब्रेक दाबून गाडी थांबत आली की तेवढीच किंकाळी येते काय? मग बहुधा पॅडवर चकाकी चढली आहे, धूळ साठली आहे किंवा टेकण्याच्या जागा कोरड्या पडल्या आहेत. घरी दुरुस्त होण्याजोगा आवाज तो हाच. पॅड नुकतेच बदललेले असतील तर मात्र काही दिवस वाट पाहावी. नव्या पॅडना तबकडीशी जुळण्यास थोडा प्रवास लागतो.

आवाज कोणत्या चाकाचा हे ठरविण्याची एक सोपी युक्ती आहे. काचा खाली करून लांब भिंतीच्या कडेने गाडी सावकाश न्यावी आणि हलकेच ब्रेक दाबावा. भिंतीवरून आवाज परत येतो व ती बाजू उघडी पडते. मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने जाताना हँडब्रेक हळू ओढून पाहावा. लहान मोटारींत तो मागच्या चाकांवर चालतो; तेव्हा आवाज आला तर दोष मागे आहे.

घरची दुरुस्ती

येथे आम्ही पुढच्या डिस्क ब्रेकचे काम सांगतो. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग जॅकने गाडी उचलावी आणि तिच्याखाली मजबूत लोखंडी स्टँड द्यावा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीशी काम करू नये. हा नियम मोडण्यास कोणतीही सबब पुरेशी नाही. विटांची चळतही विश्वासाची नव्हे.

चाक काढल्यावर तबकडी व कॅलिपर समोर दिसतात. तेथील काळी धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या पंपाने उडवू नये. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. आजच्या पॅडची धूळही पोटात घेण्याजोगी नाही. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती टिपावी.

कॅलिपरचा बहुधा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर बिजागरीवरील झाकणासारखा वर उचलतो. तो तारेने बांधून ठेवावा. त्याचा भार ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर पडू देऊ नये. आता पॅड बाहेर काढून कोणता कोठे होता त्याची खूण करावी. धातूची पाठ सोडून उरलेल्या द्रव्याची जाडी मोजावी. नव्या पॅडमध्ये ती १० मिलिमीटरच्या आसपास असते. ३ मिलिमीटर उरली असेल तर घासपूस करीत बसू नये, पॅड बदलावेत. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहावेत, कारण बाहेरचा जाड असून आतला संपलेला, असे पुष्कळदा आढळते. बदलावयाचे तर दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एकीकडे ओढू लागते.

जाडी पुरेशी असून पॅड आरशासारखा चकाकत असेल तर ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून, किंचित ओला करून, त्यावर पॅड हलक्या हाताने घासावा. चकाकी जाऊन मंद, एकसारखा रंग दिसला की पुरे. पॅडच्या कडा धारदार असतील तर कानशीने त्यांना थोडा उतार द्यावा. खडूचा कोन बदलण्याचाच हा प्रकार होय. पॅडवर तेल किंवा ब्रेक ऑइल मुरले असेल तर मात्र तो घासून शुद्ध होत नाही. गळती शोधून थांबवावी आणि पॅड नवे घालावेत.

त्यानंतर पॅड ज्या खाचेत सरकतो ती खाच तारेच्या ब्रशने गंज निघेपर्यंत घासावी. तेथील पातळ पत्र्याच्या क्लिपा वाकल्या किंवा तुटल्या असतील तर नव्या आणाव्यात. त्यांची किंमत अल्प आणि काम मोठे असते. कॅलिपरच्या पिना बाहेर ओढून पुसाव्यात आणि ब्रेकसाठीच मिळणारे सिलिकॉनचे ग्रीस लावून बसवाव्यात. त्या बोटाने सहज सरकल्या पाहिजेत. साधे पिवळे ग्रीस येथे नको, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि पिना पूर्वीपेक्षा घट्ट होतात. पॅडच्या पाठीवर शिम नावाचा पातळ थर असतो. तो निघाला असेल तर पुन्हा बसवावा. पॅडची धातूची पाठ जेथे पिस्टनला व खाचेला टेकते तेवढ्याच जागी उष्णता सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचा पातळ हात द्यावा. घासणाऱ्या बाजूवर किंवा तबकडीवर त्याचा डागही पडता कामा नये.

तबकडीवर बोट फिरवावे. खोल चरे लागले, कडेला उंच काठ जाणवला किंवा भेग दिसली तर ती मेकॅनिकला दाखवावी. कमीत कमी जाडीचा आकडा बहुधा तबकडीवरच कोरलेला असतो. त्याखाली गेलेली तबकडी घासून उपयोग नाही, ती बदललीच पाहिजे.

नवे पॅड जाड असल्याने पिस्टन मागे ढकलावा लागतो. तो सावकाश, शिकंज्याने दाबावा आणि बॉनेटखालील ब्रेक ऑइलची बाटली भरून वाहत नाही ना ते पाहत राहावे. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग उतरतो. मग सर्व भाग जागी बसवून बोल्ट व नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने आवळावेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडी हलविण्यापूर्वी पेडल पुनःपुन्हा दाबून ते टणक झाल्याची खात्री करावी. पिस्टन मागे गेलेला असतो. पहिल्या दोन-चार दाबांत पेडल थेट खाली जाते. हे विसरून गाडी सुरू केली तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवावा. दोहोंच्या मध्ये थोडे अंतर गाडी चालवून ब्रेक निवू द्यावेत. ह्यामुळे पॅडचा एकसारखा थर तबकडीवर बसतो, आणि आवाज पुन्हा येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

मागच्या ड्रममध्ये स्प्रिंगा व कड्यांचा बराच पसारा असतो. सरावाशिवाय तो उघडू नये. मेकॅनिककडे जाऊन ‘ड्रम उघडून धूळ काढा, शू घासा, शू टेकतात त्या जागी ग्रीस द्या, आणि व्हील सिलिंडर गळतो का ते पाहा’ एवढे नेमके सांगता आले, तरी निम्मे काम झाले. पेडल मऊ लागत असेल, ऑइलची पातळी उतरत असेल, ब्रेकचा दिवा लागत असेल किंवा हँडब्रेक विजेवर चालणारा असून काम मागच्या चाकाचे असेल, तर तेही जाणत्या हातांनीच करावे.

सवयीचा प्रश्न

चकाकी पुन्हा चढू नये ह्याचा उपाय चालविणाऱ्याच्या पायात आहे. पुष्कळ जण घाट उतरताना पाय पेडलवर ठेवूनच असतात. पॅड सतत घासतो, तापतो, कठीण होतो. पॅड फार तापले की त्यांची पकड उतरते. आणि ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे न बदलल्याने त्यात पाणी मुरलेले असेल तर उष्णतेने त्याची वाफ होऊन पेडल खाली जाते. म्हणून उतारावर खालचा गिअर घालावा, इंजिनाला गाडी अडवू द्यावी, आणि ब्रेक थोडा वेळ जोराने दाबून सोडून द्यावा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

गॅरेजात जाण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र तेथे जाताना आवाज केव्हा येतो, कोणत्या चाकाचा येतो, पेडल कसे लागते, हे सांगता आले पाहिजे; आणि काढलेले जुने पॅड पाहावयास मागण्याचा संकोच धरू नये. मेकॅनिक जाणता असेल तर त्याला असे गिऱ्हाईक आवडते. नसेल तर तो सावध होतो. आपल्या मोटारीत आपली मुलेबाळे बसतात आणि तिच्यापुढून दुसऱ्यांची मुलेबाळे रस्ता ओलांडतात. तेव्हा पुढच्या वेळी चाकातून सूर निघाला की रेडिओ लहान करावा, काच खाली करावी आणि तो कोणता सूर आहे ते आधी नीट ऐकून घ्यावे.